मीठ, साखर आणि पेशीचा दरवाजा

पावसाळा आणि हिंदमाताचा चौक यांचे नाते मुंबईकरास नव्याने सांगावयास नको. पाणी तुंबले की पोटाचे विकार बळावण्याची भीती असते, आणि घरोघरी मीठ-साखरेच्या पाण्याची आठवण होते. हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या प्रमाणाकडे मात्र दुर्लक्ष होते. कोणी चिमूटभर मीठ घालतो, कोणी नुसतेच गोड पेय पाजतो. हे प्रमाण म्हणजे केवळ रूढी नव्हे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आतड्यातील पेशींच्या पातळ आवरणात प्रथिनांचे बनलेले दरवाजे असतात. त्यांपैकी एक दरवाजा ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन कणही घेतो. एकट्या साखरेसाठी तो आपले काम करीत नाही. पेशी आतील सोडियम सतत बाहेर काढीत असते, म्हणून बाहेरचे सोडियम आत येऊ पाहते आणि त्या ओढीबरोबर साखर येते. त्यांच्यामागून पाणी शोषले जाते. कॉलऱ्याचे विष शरीरातील पाणी बाहेर लोटते, पण हा दरवाजा शाबूत ठेवते. मीठ-साखरेच्या पाण्याचे सारे सामर्थ्य येथे आहे.

रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडवाहतुकीची कल्पना १९६० साली मांडली. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडाने देण्याचा मार्ग अवलंबिला. मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. दरवाजाची रचना मात्र तेव्हा कोणी पाहिली नव्हती. २००८ साली कॉलऱ्याच्याच कुळातील एका जिवाणूच्या अशा प्रथिनाची, आणि २०२१ साली मानवी प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली. बाहेरची बाजू मिटते तेव्हा आतली उघडते, दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत, हे त्यांवरून स्पष्ट झाले.

उपाय आधीच सापडला असताना ही रचना शोधण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर याच दरवाजाच्या सख्ख्या भावंडाने दिले आहे. मूत्रपिंडातील तशाच प्रथिनाला अडवणारी औषधे आज मधुमेहाच्या रुग्णांना दिली जातात. कार्य कळले की उपचार सुचतो. रचना कळली की तो अधिक नेमका करता येतो.

म्हणून परळ-दादरच्या शाळांतून आणि दवाखान्यांतून प्रमाण सांगताना कारणही सांगावे. तयार पुडी उत्तम. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. साखर अधिक झाल्यास पाणी उलट आतड्यात ओढले जाते. मीठ अधिक झाल्यास बालकास अपाय होतो. कारण कळलेला मनुष्य चमचा मोजूनच घेतो.