भेर्ली माडाची पोय पिकू द्या

लग्नसराई आली की कोकणात मांडवाच्या दाराला भेर्ली माडाच्या झावळ्या लागतात. सुरमाड म्हणतात तो हाच. माशाच्या शेपटीसारखी पाने कमानीला शोभतात खरी. पण ही झावळी कुणाच्या बागेतली नसते. सह्याद्रीच्या रानातून, देवराईतून तोडून आणलेली असते.

नारळासारखा हा माड वर्षानुवर्षे फळत नाही. दहा-पंधरा वर्षे तो नुसता वाढतो. मग शेंड्याकडे पहिली पोय सुटते आणि पुढची काही वर्षे एकेक पोय खाली खाली येत जाते. सर्वांत खालची पोय पिकली की झाड वाळते. त्याला बुंध्यापासून फुटवाही नाही. शेंडा छाटला की माड मेला, आणि पोय येण्याआधी मेला तर त्याचे बी रानात पडतच नाही.

"आपोआप उगवतोय की, लावायचा कशाला?" असे काहीजण विचारतात. आपोआप नाही, बंधूंनो! कांडेचोर आणि धनेश पिकली फळे खाऊन बी लांबवर टाकतात, म्हणून तो उगवतो. श्रीलंकेत याच माडाच्या गोड रसापासून काकवी आणि गूळ करतात. 'कितुल' या नावाने तो विकला जातो. तिथे हे झाड घराला उत्पन्न देते. आपण ते एका दिवसाच्या कमानीसाठी ओरबाडतो.

जैवविविधता कायदा २००२ नुसार गावात समिती असते, लोक जैवविविधता नोंदवही असते. ती कपाटात ठेवण्यासाठी नाही. गावातल्या प्रत्येक भेर्ली माडाची जागा तिच्यात लिहावी. देवराईतली झावळी तोडायची नाही, असा ठराव सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत मांडावा. मांडवाला आपल्या बागेतली नारळाची झावळी आणि केळीचे खुंट काय वाईट?

शेतकऱ्यांनी झाडाखाली पडलेली लाल, पिकली फळे गोळा करावीत. गर अंगाला खाजतो, म्हणून हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधूनच बी चोळून धुवावे. ताजे बी पिशवीत पेरून सावलीत ठेवावे. उगवायला काही महिने लागतात. तोवर पिशवी फेकू नये. रोप सशक्त झाल्यावर पावसाच्या तोंडाला बांधाच्या कडेला, थोड्या सावलीत लावावे. दोन-चार रोपे प्रत्येकाने जगवली, तरी रानातल्या झाडांवरचा कोयता थांबेल.