शिवणाऱ्या पाठीला टेकू द्या

शिवणकाम म्हणजे आरामात बसून करायचं काम, हा समज आधी सोडायला हवा. मान सुईवर झुकलेली, खांदे चढलेले, दोन्ही हात कापड पुढे सारताहेत आणि बसायला बिनपाठीचं स्टूल. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो, आणि हे दिवसाचे दहा-दहा तास. कटिंग करणाऱ्याला जड कात्रीमुळे अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पायमशीनला मोटार लागली तेव्हा गुडघे सुटले. पण कामाचा वेग वाढला आणि मान होती तिथेच राहिली.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. शिंप्यांच्या वाकलेल्या पाठी आणि बधिर होणारे पाय त्यात नोंदले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू-सांध्यांचे विकार व्यवसायजन्य आजार म्हणून आहेत. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या यादीत मात्र शिसं, सिलिका, कापसाची धूळ आली. मान-पाठ आली नाही. धारावीतल्या माळ्यावरच्या गाळ्यात किंवा घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईपर्यंत तर असे कायदे पोचतच नाहीत. मग तिशीतली बाईसुद्धा म्हणते, ‘आता वय झालं.’ नाही, वय झालेलं नाही. काम चुकीच्या बैठकीत करून घेतलं जातंय.

दर अर्ध्या तासाने उठा, असं डॉक्टर सांगतात. सल्ला योग्यच आहे, पण मजुरी नगावर मिळते. उठलं की नग कमी, आणि दिवाळीच्या तोंडावर तर उठणं परवडतच नाही. म्हणून हा प्रश्न मला व्यायामाइतकाच दराचा वाटतो.

पीएम विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पाठीला टेकू देणारी, उंची बदलता येणारी खुर्ची हेही अवजारच आहे. ते तसं मोजलं जावं. सुईजवळ दिवा हवा, म्हणजे दिसण्यासाठी वाकावं लागणार नाही. आणि बचतगटांना शालेय गणवेशाचं काम देताना कापड, माप आणि मुदत जिथे ठरते, त्याच कागदावर विसाव्याची वेळ धरून शिलाईचा दर लिहिला जावा.