गृहव्यवहार : एका अक्षराची चुगली

दुसऱ्याचें पत्र फोडूं नये, हा दंडक आपण लहानपणींच शिकतों. परंतु घरांत सर्वांचा मिळून जो एकच संगणक असतो, तो उघड्या पोस्टकार्डासारखा वागतो, हें गेल्या महिन्यांत आमच्या ध्यानांत आलें.

आमचे वडील बंधु विजेचें बिल भरावयास बसले. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टींत त्यांनीं एकच अक्षर टाइप केलें, तों खालीं उघडलेल्या यादींत अग्रभागीं एका कर्करोग-रुग्णालयाचें नांव! दादा कांहीं बोलले नाहींत. मात्र त्या रात्रीं पंगतींत त्यांची नजर एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरत होती. शेवटीं आमच्या सूनबाईंनींच सांगितलें. त्यांच्या मातुःश्रींची तपासणी चालली होती, आणि निदान निश्चित होईपर्यंत वाच्यता होऊं नये, अशी त्या माउलीची इच्छा होती. ती राहिली नाहीं.

चिरंजीवांनीं रागाच्या भरांत सगळाच इतिहास पुसून टाकला. हा उपाय अघोरी ठरला. दुसरे दिवशीं दादांना बँकेचा नेहमींचा पत्ता यादींत मिळेना. त्यांनीं बँकेचें नांव शोधलें व सर्वांत वरची ओळ उघडली. ती निघाली जाहिरात. पान हुबेहूब, पत्ता मात्र भलताच! पासवर्ड देण्यापूर्वीं सूनबाईंनींच तें ओळखलें, म्हणून निभावलें.

आपण कोठें, किती वेळां व किती अलीकडे गेलों, हें ध्यानांत ठेवून ब्राउझर सूचना करतो. फायरफॉक्स तर २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पानांच्या शीर्षकांतही शोधतो. विंडोजवर नको असलेली ओळ तेवढी बाणाच्या कळीनें निवडावी आणि शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबाव्या. तेवढीच जाते, बाकीच्या राहतात. बुकमार्क केलेलें पान मात्र पुन्हां डोकावतें. तो बुकमार्क निराळा काढावा लागतो. खाजगी खिडकींत पाहिलेलें पान, खिडकी मिटली कीं, यादींत येत नाहीं. अर्थात् इंटरनेट पुरविणाऱ्यापासून कोठें गेलों हें त्यामुळें लपत नाहीं.

आम्हीं अखेर संगणकावर प्रत्येकाचें स्वतंत्र खातें उघडलें. "एका घरांत वेगळालीं कपाटें कशाला?" म्हणून दादांनीं नाक मुरडलें. पण स्वतःच्या खात्याचा पासवर्ड त्यांनीं अद्याप वहिनींनाही सांगितलेला नाहीं.