फारकतीचा कागद आणि कोर्टाचा हुकूमनामा

नवराबायकोचें पटेनासें झालें म्हणजे चार पंच बसवावे, दिल्याघेतल्याचा हिशेब करावा, स्टँपाच्या कागदावर फारकत लिहून सह्या-निशाण्या घ्याव्या आणि संबंध तुटला असें समजावें, ही रीत जळगांव व धुळें जिल्ह्यांत अद्यापि ठाऊक नाहीं असा गृहस्थ विरळाच. या रीतीस केवळ नांवें ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. पांढरपेशा वर्ग विवाहबंधन अभंग आहे म्हणून शास्त्राधार काढीत होता, त्या काळीं खानदेशांतील कष्टकरी जातींची स्त्री काडीमोड घेऊन पाट लावूं शकत असे. मुंबई इलाख्यांतील सर्व हिंदूंस घटस्फोटाचा कायदा मिळण्यास १९४७ साल उजाडावें लागलें.

मग आमचा आक्षेप कोणता? तो इतकाच कीं, हा कागद गरजेच्या वेळीं टिकत नाहीं. नवरा हयात असतां स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आपण मानणार नाहीं, असें मुंबई हायकोर्टानें १८७६ सालींच सांगितलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें २९ व्या कलमांत रूढीचा घटस्फोट राखला आहे खरा. परंतु तशी रूढी आहे असें म्हणणारानेंच ती शाबीत केली पाहिजे, हें सुप्रीम कोर्टानें २००२ सालीं स्पष्ट केलें. ती शाबीत न झाल्यास पहिला विवाह कायम, दुसरा रद्दबातल! दुसऱ्या पतीच्या पश्चात् विधवेचा वांटा मागावयास गेलेल्या स्त्रीपुढें हाच प्रश्न उभा राहतो. शिवाय द्विभार्या-द्विपतित्वाच्या गुन्ह्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशाच एका करारानें विभक्त झालेल्या स्त्रीस दुसऱ्या पतीकडून पोटगी मिळावी असें सुप्रीम कोर्टानें २०२५ सालीं ठरविलें. पण त्यासाठीं तिला दिल्लीपर्यंत जावें लागलें. किती जणी जाऊं शकतील?

सातपुड्यांतील भिल्ल, पावरा इत्यादि अनुसूचित जमातींची गोष्ट निराळी. त्यांस १९५५ चा कायदा आपोआप लागू नाहीं, आणि त्यांची रूढी हाच त्यांचा आधार आहे.

इतरांस कोर्टाची वाट वाटते तितकी बिकट नाहीं. उभयतांची संमति असेल व तीं एक वर्ष विभक्त राहिलीं असतील, तर १३-ब कलमान्वयें एकत्र अर्ज करतां येतो. सहा महिन्यांनीं पुन्हा कोर्टापुढें यावें लागतें. योग्य प्रसंगीं ही मुदत माफ करण्याची मुभा २०१७ च्या निकालानें कोर्टास आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणासहि संमति परत घेतां येते, म्हणजे बळजबरीस आळा बसतो. संमति नसल्यास क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग इत्यादि कारणांवर दाद मागतां येते. पत्नीस २००३ पासून स्वतः राहते त्या ठिकाणींच अर्ज करतां येतो. दावा चालू असतां खर्च व पोटगी मागतां येते. आणि १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीहि असो, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

पंचांनीं आपलें काम सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. समेट करावा, स्त्रीधन परत देववावें, मुलांची सोय लावावी. परंतु संबंध तुटणारच असेल, तर कागदावर निशाणी घेऊन बाईस माहेरीं न धाडतां उभयतांस कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोंचवावें. हुकूमनामा हातीं पडून अपिलाची मुदत सरेपर्यंत दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडूं नये. रूढीनें स्त्रीस दिलेली मोकळीक खरोखर टिकवावयाची असेल, तर तिला कायद्याची मोहोर लावून देणें हेंच पंचांचें आजचें कर्तव्य होय.