विश्लेषण : संगणकाच्या गाभ्यात हात घालताना कोणती काळजी घ्यावी लागते?

१९ जुलै २०२४ च्या सकाळी मुंबई आणि दिल्ली विमानतळांवर आकासा एअरला चेक-इन हाताने करावे लागले. इंडिगोने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. सायबर हल्ला झालेला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला पाठवलेल्या एका फाइलने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते.

एका फाइलने एवढे कसे झाले?

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, नेटवर्क सारे त्याच्या ताब्यात असते. साधे ॲप चुकले तर तेवढेच बंद पडते. कर्नलमध्ये चूक झाली तर डेटा बिघडू नये म्हणून अख्खी यंत्रणाच थांबते. क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर इथेच चालत होता. त्याला २० माहिती-रकाने मिळत होते आणि नवी फाइल एकविसावा मागत होती. ड्रायव्हर नसलेल्या जागी वाचायला गेला आणि कोसळला. तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्येही दोष असल्याने फाइल तिथे अडली नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे ती टप्प्याटप्प्याने न जाता सगळ्यांना एकदमच गेली.

सव्वा तासाने फाइल मागे घेतली, तरी पडलेले संगणक सुरू होतानाच पुन्हा कोसळत. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी तिची किल्ली शोधा!

मग कर्नलमधला दोष शोधायचा कसा?

चालत्या, कामाच्या यंत्रावर तर मुळीच नाही. कर्नलला ब्रेकपॉइंट लावला की पूर्ण संगणक गोठतो. म्हणून डीबगर दुसऱ्या संगणकावर चालतो आणि केबल किंवा नेटवर्कने पहिल्याकडे पाहतो. हल्ली व्हर्च्युअल मशीन वापरतात. बदलाआधी स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडले की मागे जायचे. लिनक्समध्ये जुना, चालणारा कर्नल बूट मेन्यूत ठेवूनच नवा बसवतात, आणि कोसळलाच तर केडम्प त्या क्षणाची मेमरी जपून ठेवतो. डीबगरमधून मेमरीतला एखादा आकडा बदलून पाहणे सोपे, पण तेवढ्याने दोष गेला असे मानणे धोक्याचे. तो बदल मूळ कोडमध्ये जाऊन पुन्हा तपासला गेला पाहिजे.

मायक्रोसॉफ्ट आता सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेरून काम करता येईल अशी व्यवस्था उभारत आहे. गणपतीपुळ्याला टेकडीच देवस्वरूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध टेकडीला, बाहेरून घालतात. तसाच काहीसा हा प्रकार. मात्र गाभ्यात घुसलेला व्हायरस बाहेरून तितक्याच लवकर दिसेल का, ही शंका रास्त आहे. शिवाय स्वतः मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा सॉफ्टवेअरही बाजारात आहे. नियम सर्वांना सारखा लागतो की नाही, याकडे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे बारीक लक्ष राहील.