बस तोट्यात, रस्ता मात्र कधीच नाही

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. ४५ रुपयांचा थेट शून्य. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, हा आपण योगायोग समजू. पुढे सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, ‘बेस्ट’चं किमान भाडं पाचाचं दहा झालं आणि एसी बसचं सहाचं बारा. का, तर म्हणे उपक्रम तोट्यात आहे.

हा ‘तोटा’ शब्द फक्त बसलाच का चिकटतो? वरळीहून मरीन ड्राइव्हला नेणाऱ्या किनारी रस्त्यावर महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी घातले. त्यावर टोल नाही. दुचाकी-तीनचाकींना मनाई. बस जाऊ शकते, पण रस्ता कुणासाठी बांधलाय हे तिथे उभं न राहताही कळतं. हा रस्ता वर्षाला किती तोट्यात चालतो, असं विचारलंय कधी कुणी? रस्ता झाला की ‘विकास’, बस चालवली की ‘बोजा’.

मोटारवाले म्हणतील, आम्ही रोड टॅक्स भरतो. भरता ना. पण तो जातो राज्याच्या तिजोरीत, आणि हा रस्ता बांधला महापालिकेने. तिच्याकडे पैसा येतो मालमत्ता करातून, बांधकाम परवानग्यांच्या शुल्कातून आणि २०१७ मध्ये जकात गेल्यानंतर राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईतून. म्हणजे गोवंडीत साबणाची वडी घेणाऱ्या बाईनेही या रस्त्याला हातभार लावलाय. तिच्या मुलाला त्यावरून स्कूटर न्यायची मात्र सोय नाही.

पूर्वी एक बरी व्यवस्था होती. ‘बेस्ट’च शहरात वीज विकायची आणि त्या पैशातून बसची तूट भरून निघायची. नरिमन पॉइंटच्या ऑफिसांतले एसी तिथल्याच शिपायाच्या बसला पैसे पुरवत होते, असं म्हणा. वीजदरांच्या नव्या नियमांत ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कुणी काढलीच नाही. २०१० च्या सुमारास चार हजारांहून जास्त असलेल्या बस आज तीन हजारही नाहीत. स्टॉपवर अर्धा तास उभं राहणाऱ्याला हा हिशेब वेगळा समजवावा लागत नाही.

मग पैसे कुणी द्यायचे? माझं उत्तर: कंपन्यांनी. बीकेसीतल्या ऑफिसला रोज सकाळी विरार-कल्याणहून माणसं दारात आणून मिळतात, त्यासाठी कंपनी काय देते? पॅरिसमध्ये १९७१ पासून मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर घेतात. पुढे तो फ्रान्सच्या इतर शहरांतही गेला. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तुमच्या सॅलरी स्लिपवर २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापलेला दिसतो ना? तो महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी आणला. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरीसाठी पैसा उभा करता येतो, तर कंपनीच्या खिशातून तिच्याच कामगारांच्या बससाठी का नाही? फक्त या वेळी कात्री मालकाच्या बाजूने लावायची, आपल्या नाही.

आणि तोवर, गल्लीगल्लीत रात्रभर फुकट उभ्या असलेल्या मोटारींकडून जागेचं भाडं घ्या. शहरात एका मोटारीएवढी जागा झोपडीसाठीही फुकट मिळत नाही.