जॉन सिल्व्हर सुटला, हें बरें झालें काय ?

आमच्या कवठे महांकाळपासून समुद्र फार दूर आहे. अग्रणी नदीचें पावसाळ्यापुरतें पाणी आणि म्हैसाळ योजनेनें उपसून वर चढविलेलें कृष्णेचें पाणी, एवढाच आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा पाण्याशीं परिचय. असें असूनही यंदा आमच्या शाळेंत चांचे, जहाजें व गुप्तधन यांवांचून दुसरा विषय नव्हता. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश ग्रंथकाराची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी त्यास कारण झाली. ही कथा १८८१-८२ सालीं मुलांच्या एका साप्ताहिकांत क्रमशः आली व १८८३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिचे मराठींत संक्षिप्त अनुवाद झालेले आहेत. आमच्या ग्रंथालयांतील प्रत इतक्या हातांतून गेली कीं, तिचीं पानें सुटीं झालीं.

ज्यांनीं ती वाचली नसेल त्यांच्याकरितां कथानक थोडक्यांत सांगतों. जिम हॉकिन्स हा एका सराईवाल्याचा मुलगा. सराईंत मेलेल्या एका खलाशाच्या पेटींत त्यास गुप्तधनाचा नकाशा सांपडतो. जमीनदार ट्रेलॉनी व डॉक्टर लिव्हसी त्यास घेऊन समुद्रमार्गें निघतात. परंतु जहाजावरील बहुतेक खलाशी फितूर असतात, व त्यांचा म्होरक्या असतो जॉन सिल्व्हर, एका पायाचा, हंसतमुख आणि गोडबोल्या स्वयंपाकी. पुढें बंड होतें, खून पडतात, अखेर धन हातीं लागतें. सिल्व्हर मात्र मोहोरांची एक थैली उचलून परतीच्या वाटेवर एका बंदरांतून पसार होतो.

या शेवटावरून वाचकांत दोन तट पडले. लहान वर्गांतील मुलांचें म्हणणें, सिल्व्हरला फांशी व्हावयास पाहिजे होती. तो सुटतो म्हणजे ग्रंथकारानें अन्याय केला. वरच्या वर्गांतील कांहीं जण म्हणाले, त्यानें जिमचा जीवही वांचविला आहे, तेव्हां सुटला तें ठीक झालें. एका विद्यार्थिनीनें निराळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, "पुस्तकभर पुरुष सोन्यापायीं एकमेकांचे गळे कापतात. जिमची आई मात्र चांचे दाराशीं येत असतांही मृत खलाशाच्या पेटींतून आपल्या येण्याइतकेंच पैसे मोजून घेते, एक दमडी अधिक घेत नाहीं. तिच्याविषयीं कोणीच कसें बोलत नाहीं ?" या प्रश्नापुढें आम्हांसही क्षणभर उत्तर सुचलें नाहीं.

पालकांचीं मतें अधिक कडक होतीं. खुनाखुनीचीं पुस्तकें मुलांच्या हातीं कां द्यावीं, असें कित्येकांनीं आम्हांस विचारलें. हा प्रश्न जुनाच आहे. बाबुराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या क्रमिक पुस्तकाखालीं लपवून वाचणारीं मुलें घरोघरीं होतीं. जहाजांवर नोकरी केलेल्या अनंत सामंतांची 'एम. टी. आयवा मारू' ही कादंबरी मोठ्या माणसांनीं अशाच उत्कंठेनें वाचली. सागर आणि गुन्हा यांचें आकर्षण वयाबरोबर सरत नाहीं. तेव्हां बंदी घालून तें जाईल, ही आशा व्यर्थ आहे.

तथापि पालकांच्या आक्षेपांत तथ्य नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पुस्तकांतला चांचा रंगतदार दिसतो; खरा चांचा कसा असतो, हें आपल्या देशांतील खलाशांनीं भोगलेलें आहे. सप्टेंबर २०१० मध्यें 'अस्फाल्ट व्हेंचर' हें जहाज सोमाली चांच्यांनीं पकडलें. त्यावरील पंधराही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्यें खंडणी मिळतांच चांच्यांनीं जहाज सोडलें; परंतु सात जणांस अडकवून ठेविलें, व त्यांची सुटका होण्यास ऑक्टोबर २०१४ उजाडला. त्या सात घरांतील मंडळींस चांच्यांच्या कथेंत काय गंमत वाटणार ?

मग आम्ही या पुस्तकाचा पक्ष कां घेतों ? यंदाच घडलेल्या एका प्रकारावरून तें स्पष्ट होईल. परीक्षा जवळ आली म्हणून एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं हें पुस्तक त्याच्या हातून काढून ट्रंकेंत घातलें. मुलगा तेव्हां जहाज नुकतेंच निघाल्याच्या भागापर्यंत आला होता. कांहीं दिवसांनीं वर्गांत त्यास सिल्व्हरविषयीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, तो फार चांगला माणूस आहे. जिमवर त्याची माया आहे." त्याचें चुकलें नव्हतें. त्यानें वाचलेल्या पानांत सिल्व्हर तसाच आहे. पोपट पाळणारा, स्वयंपाकघर लख्ख ठेवणारा, जिमच्या हुशारीची वाखाणणी करणारा.

पुढच्याच पानांत जिम सफरचंदांच्या पिंपांत शिरतो, आणि आंत बसून तो काय ऐकतो ? सिल्व्हर दुसऱ्या एका तरुण खलाशाची त्याच शब्दांत स्तुति करीत असतो, ज्या शब्दांत त्यानें जिमची केली होती. आणि ती करतां करतां त्यास कटांत ओढीत असतो. जिमचे डोळे तेथें उघडतात. आमच्या विद्यार्थ्याचें पुस्तक त्यापूर्वींच ट्रंकेंत गेलें होतें.

आम्हीं त्याच्या वडिलांस भेटून ही हकीकत सांगितली व विनंती केली कीं, पुस्तक मुलास देण्यापूर्वीं आपण स्वतः वाचावें. ते द्राक्षबागाईतदार. हंगामाच्या धामधुमींतही त्यांनीं तें रात्रीं जागून वाचलें आणि आपण होऊन शाळेंत आले. "मास्तर," ते म्हणाले, "हा गडी मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वीं एक व्यापारी बागेंत आला. घरच्या बाईमाणसांस ताई म्हणाला, ओसरीवर चहा घेतला, विसार रोख दिला, असा माल कुठें पाहिला नाहीं म्हणाला. गाडी भरून गेला तो पुन्हां दिसला नाहीं. मागाहून कळलें, हेच शब्द त्यानें शेजारच्या चार बागांतही ऐकविले होते. तोही सुटला. म्हणून पुस्तकाचा शेवट मला खोटा वाटला नाहीं. पोरानें मात्र तें पिंपाचें प्रकरण आमच्यासारखें पैसे मोजून शिकूं नये."

त्या गृहस्थांच्या बोलण्यांत आमचें मत आलें. सिल्व्हर सुटतो, यांत ग्रंथकाराचा अन्याय नाहीं. जगांत असे पुष्कळ सुटतात. परंतु गुन्ह्याची किंमत त्यानें लपविलेली नाहीं. बेटाशीं पोहोंचले तेव्हां जहाजावर २६ माणसें होतीं. जे निघाले त्यांतले पांचच त्या जहाजानें परत आले. जिमला पुढें त्या बेटाचीं भयंकर स्वप्नें पडतात, आणि उरलेल्या धनासाठींही तो तेथें पुन्हां जाण्यास तयार नसतो. हें सारें शेवटच्या पानापर्यंत जाणाऱ्यासच कळतें. अशी कादंबरी अर्धी वाचलेली असली कीं घातक, कारण गुन्हेगाराची मोहिनी आधीं येते आणि त्याची ओळख मागाहून पटते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, पुस्तक काढून घ्यावयाचें असेल तर परीक्षा होईपर्यंतच काढून घ्यावें, आणि परत देतांना आपणही तें वाचलेलें असावें. विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, "आवडलें" हें अजून मत नव्हे. कां आवडलें व कोणत्या पानापर्यंत वाचून आवडलें, हेंही सांगावें. तो विद्यार्थी परीक्षेनंतर पुस्तक संपवून आला. सिल्व्हरविषयीं विचारलें तर बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "गुरुजी, तो मला अजूनही आवडतो. पण मी त्याच्या जहाजावर जाणार नाहीं."